स्थानकापासून वस्तीपर्यंत

रस्ता सर्वांचा असतो, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण रस्त्याने कोण बसून जातो आणि कोण पायी जातो, हा प्रश्न या देशात निव्वळ वाहतुकीचा कधीच नव्हता. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथन आपण अस्पृश्यतेचा दस्तऐवज म्हणून वाचतो. ते योग्यच आहे. परंतु त्यातील दोन प्रसंग रेल्वे स्थानकापासून मुक्कामापर्यंतच्या वाटेचे आहेत. त्या अंगाने ते पुन्हा वाचले पाहिजेत.

पहिला प्रसंग १९०१ चा. वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव घरच्या मुलांबरोबर मसूर स्थानकावर उतरतो. तिकिटावर जात छापलेली नव्हती. ती विचारली गेली गाडीतून उतरल्यावर. मुले महाराची आहेत हे कळताच बैलगाडीवाले नकार देतात. शेवटी दुप्पट भाडे ठरते, तेही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. मुलगा आता बॅरिस्टर झालेला आहे, पण टांगेवाला त्याचा टांगा हाकायला तयार नाही. आपल्या माणसाने पायी यावे हे वस्तीला रुचत नाही. म्हणून टांगा भाड्याने घेतला जातो आणि हाकायला अननुभवी माणूस बसतो. नदीवरच्या फरशीला कठडा नाही. कडेने फक्त अंतराअंतरावर दगड. चाक दगडावर आदळते, बाबासाहेब फरशीवर फेकले जातात, पाय मोडतो. आडवाटेने पायी निघालेली मंडळी मात्र त्यांच्या आधी सुखरूप वस्तीत पोचलेली असतात.

या घटनेकडे पाहताना बाबासाहेब केवळ टांगेवाल्याला दोष देऊन थांबत नाहीत. प्रवाशाच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे आपल्या लोकांच्या ध्यानात आले नाही, असेही ते नोंदवतात. हे आत्मपरीक्षण आपण अजून पचवलेले नाही. पायी चालणे आपल्यावर लादले गेले, म्हणून ते आपल्याला हीन वाटू लागले. वाहन म्हणजे प्रतिष्ठा, हे मूल्य व्यवस्थेचे होते. ते आपणही उचलले.

आता वाशिम जिल्ह्याकडे पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा अनुसूचित जातींचा. तालुक्याच्या सहा ठिकाणांपैकी ब्रॉडगेज रेल्वे एकट्या वाशिमला. कारंजाची ‘शकुंतला’ आता धावत नाही. म्हणजे बाकी सारी भिस्त एस. टी. वर. मार्च २०२३ पासून बाईमाणसाला एस. टी. चे भाडे अर्धे झाले. चांगले झाले. पण गाडी फाट्यावर सोडते. फाट्यापासून गाव, आणि गावाच्या कडेला वस्ती. भाडे अर्धे झाले तरी ही वाट तेवढीच राहिली. मानव विकास कार्यक्रमात शाळकरी मुलींना सायकली मिळतात. ती सायकल अंधारातून आणि मालमोटारींच्या कडेने चालवायची असेल, तर योजनेने मुलीला चाके दिली, रस्ता दिला नाही, असेच म्हणावे लागेल.

याच जिल्ह्यातून, कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून, समृद्धी महामार्ग जातो. त्यावर पादचारी, सायकल आणि दुचाकी यांना मज्जाव आहे. द्रुतगती मार्गावर ही बंदी सुरक्षिततेसाठी असते, हे मान्य. आमची तक्रार इतर रस्त्यांविषयी आहे. तिथे चालणाऱ्याला बंदी नाही, पण जागाही नाही.

जागा देण्याचे शास्त्र उपलब्ध नाही, असेही नाही. वाहने नव्हे तर माणसे हलली पाहिजेत, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच म्हटले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचना पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट मागतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडला. अनुच्छेद १५ (२) मध्ये तर विहिरी आणि तलावांच्या पंक्तीत रस्त्यांचे नाव आहेच. दोष आहे तो नियोजनाच्या दृष्टीत. नियोजनकार स्थानक मध्यभागी धरतो आणि कंपासने वर्तुळ काढतो. त्या वर्तुळाला नाला दिसत नाही, कठडा नसलेली फरशी दिसत नाही, कोणत्या आळीतून रात्री बाईला जाववत नाही तेही दिसत नाही.

दलित वस्तीच्या निधीतून वस्तीच्या आत सिमेंटचा रस्ता होतो, समाजमंदिर होते. डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय झाला. नाव बदलले पाहिजेच. पण वस्ती आणि थांबा यांमधली वाट कोणाच्या खात्यात येते? आपले कार्यकर्तेही कमानीसाठी भांडतात. पुलाच्या कठड्यासाठी भांडणारा विरळाच.

म्हणून मोजणीची सुरुवात उलट टोकाकडून झाली पाहिजे. वस्तीच्या शेवटच्या घरापासून निघावे, म्हातारीच्या चालीने चालावे आणि बसच्या दारापर्यंत यावे. वाटेत जिथे पाय अडखळेल, तिथे काम काढावे: फरशीला कठडा, फाट्यावर दिवा आणि निवारा, हमरस्ता ओलांडायला सुरक्षित जागा, सायकलपुरती वेगळी कड. खर्च फार नाही. रस्त्याच्या अंदाजपत्रकात तो पहिल्या ओळीत यावा, एवढीच मागणी.

चाळीसगावला टांगा मिळाला, म्हणून मान राहिला असे वस्तीला वाटले. खरा मान टांग्यात नव्हता. बाबासाहेबांना आपल्या माणसांबरोबर निर्धास्त पायी येता यावे, अशा वाटेत तो होता. ती वाट आपण अजून मागितलेली नाही.