विधेयकातील एक तरतूद

व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे तिचे नाव निघते ते बहुधा संज्ञाप्रवाहाच्या संदर्भात. जून १९२३ मधील लंडनचा एकच दिवस आणि त्यात मिसळलेले अनेकांच्या मनांचे प्रवाह, ही तिची कीर्ती रास्तच आहे. परंतु आयुष्यभर शासकीय नस्त्या हाताळलेल्या प्रस्तुत लेखकास तिच्यातील एक किरकोळ वाटणारा प्रसंग अस्वस्थ करतो. अखेरच्या मेजवानीत सर विल्यम ब्रॅडशॉ हे नामवंत डॉक्टर खासदार यजमानांशी एका विधेयकाविषयी बोलतात. शेल शॉकच्या उशिरा उमटणाऱ्या परिणामांसाठी त्यात काही तरतूद हवी, असे त्यांचे मत. ज्या रुग्णावरून हा विषय निघाला, त्याने त्याच दिवशी जीव दिलेला असतो.

हा रुग्ण म्हणजे सेप्टिमस. शेक्सपिअरच्या प्रेमाने भारलेला हा साधा कारकून स्वेच्छेने पहिल्या महायुद्धात गेला. त्याचा जिवलग अधिकारी एव्हन्स युद्धविरामाच्या तोंडावर इटलीत मारला गेला. आपल्याला फारसे काही वाटले नाही, याचेच त्याने तेव्हा कौतुक केले. शोक नंतर आला, तो मृत मित्राच्या रूपाने, लंडनच्या बागेत, भर दिवसा. वुल्फ यांचे मर्मज्ञान येथे दिसते. आघात घटनेच्या क्षणी थांबत नाही. मनाला ती घटना ‘झाली’ असे वाटतच नाही, ती पुनःपुन्हा ‘होत’ राहते.

डॉ. होम्स म्हणतात, काहीही झालेले नाही. मन रमवावे, छंद लावून घ्यावा. ब्रॅडशॉ आजार ओळखतात, पण पाऊण तासात निकाल देतात: पत्नीपासून दूर, आश्रमात सक्तीची विश्रांती. रुग्णाने पाहिलेले काय, हे दोघांपैकी कोणीही ऐकून घेत नाही. याउलट पत्नी रेझिया टोपी शिवते, तो रंग सुचवतो, दोघे हसतात. त्या थोड्या वेळात तो बरा माणूस असतो. तेवढ्यात होम्स जिना चढून येतात.

कादंबरीवर माझा एक आक्षेप आहे. तिच्यात चांगला डॉक्टर एकही नाही. वुल्फ यांनी स्वतः सक्तीची विश्रांती भोगली होती, त्यामुळे हा राग समजण्याजोगा आहे. परंतु १९१७ मध्येच एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स हे सैनिकांना आठवणी दडपू नका, बोला, असे सांगत होते. कवी सिगफ्रिड ससून त्यांचेच रुग्ण. कादंबरी वाचून ‘डॉक्टर व्यर्थ’ असा निष्कर्ष काढणे हा वाचकाचा दोष ठरेल. तिचा खरा आरोप न ऐकण्यावर आहे.

हा आरोप मला लागू पडतो. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर भोपाळमध्ये मी मदतकार्यावर होतो, नोकरीत नवखा. एक बाई म्हणाल्या, “साहेब, रात्री डोळा लागला की पुन्हा तोच धूर येतो.” माझ्यापुढील कागदावर डोळे, फुप्फुसे, मृत्यू यांचे रकाने होते, झोपेचा नव्हता. मी म्हणालो, “बाई, आता विसरा.” होम्स यांचेच वाक्य मी हिंदीत बोललो होतो. पुढे १९८५ मध्ये बंगळूरच्या निमहान्स संस्थेच्या तज्ज्ञांनी तेथील सामान्य डॉक्टरांना मनोविकार ओळखण्याचे प्रशिक्षण दिले, हे मला फार उशिरा कळले.

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकाराला, म्हणजे पीटीएसडीला, अधिकृत नाव मिळाले. प्रसंग पुन्हा जगणे, त्याची आठवण टाळणे, मन बधिर होणे, सतत दचकणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली व व्यवहार बिघडू लागले, तर तज्ज्ञाकडे जावे. सेप्टिमसचे भास या व्याख्येबाहेरही जातात. म्हणूनच निदान घरच्यांनी करू नये. मनोविकारतज्ज्ञ औषधे देऊ शकतात. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ रुग्णाला झेपेल अशा गतीने त्या आठवणीजवळ नेतात. पहिल्या भेटीत विचारावे: आघातावरील उपचारांचा आपणांस अनुभव आहे काय? कोणी ‘विसरा’ एवढेच म्हणाले, तर दुसरे दार ठोठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर त्यास एकटे सोडू नये व त्याच दिवशी मदत मिळवावी.

आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात स्थिरावली ती सोसण्याच्या बळावर. सोसणे हा आपल्याकडे कुलगुण मानला जातो, आणि म्हणूनच आपल्या घरांत होम्स लवकर जन्मतो. ब्रॅडशॉ यांची तरतूद विधेयकात आली की नाही, हे कादंबरी सांगत नाही. आपल्या घरात मात्र ती आजच करता येईल: सांगणाऱ्याचे आधी ऐकून घ्यावे, आणि मग त्याच्यासोबत डॉक्टरांपर्यंत चालत जावे.