शेजारधर्माचा हिशेब

जेकब व्हायनर यांचें ‘द कस्टम्स युनियन इश्यू’ हें पुस्तक १९५० सालीं प्रसिद्ध झालें. त्याची भाषा रूक्ष आहे. तरी तें सुशिक्षित गृहस्थानें एकदां वाचावें, असें आम्हांस वाटतें.

शेजारी राष्ट्रांनीं आपसांतील जकाती उठविल्या व बाहेरच्या मालावर सर्वांनीं एकच जकात ठेविली, म्हणजे जकातसंघ होतो. प्रशियाच्या पुढाकारानें जर्मन संस्थानांनीं १८३४ सालीं असा संघ स्थापिला. संघानें व्यापार तेवढा मोकळा होतो, म्हणून तो हितकरच, अशी मुक्त व्यापाराच्या पुष्कळ कैवाऱ्यांची समजूत होती. व्हायनर यांनीं नेमकें या समजुतीवर बोट ठेविलें.

एक उदाहरण आम्हीच रचितों. एक चाकू घरीं १० रुपयांस पडतो, शेजारीं ८ आणि दूरदेशीं ६ रुपयांस. जकात शेंकडा १०० असेल तर बाहेरचे चाकू १६ व १२ रुपयांस पडतील. गिऱ्हाईक घरचाच घेईल. संघ झाल्यावर शेजारचा ८ रुपयांस मिळेल. ही व्यापाराची निर्मिति. आतां जकात शेंकडा ५० धरा. दूरचा चाकू ९ रुपयांस येतो व त्यांतले ३ रुपये आपल्याच तिजोरींत पडतात. संघानंतर गिऱ्हाईक शेजारचा चाकू घेऊन एक रुपया वांचवील. पण तिजोरीचे तीन बुडतील. हें व्यापाराचें अपवर्तन. शेजारी तोच, किंमती त्याच. फळ मात्र उलटें!

या विवेचनांत उणीव नाहीं असें नाहीं. माल स्वस्त झाला कीं लोक तो अधिक घेतात, आणि त्या सुखाचाहि जमेंत आंकडा पडतो. मीड यांनीं १९५५ सालीं व लिप्सी यांनीं १९५७ सालीं ही बाजू पुढें मांडली. आमचा आक्षेप याहून निराळा आहे. १९५१ सालीं फ्रान्स, जर्मनी व आणखी चार राष्ट्रांनीं कोळसा आणि पोलाद यांचा बाजार एक केला, तो केवळ स्वस्ताईसाठीं नव्हे. पुन्हां युद्ध होऊं नये म्हणून. शांततेचें मोल रुपये-आण्यांच्या तराजूंत कसें घालावें?

तथापि या आक्षेपानें व्हायनर यांचा प्रश्न निकालांत निघत नाहीं. नोव्हेंबर २०१९ मध्यें आशियांतील मोठ्या व्यापार-कराराबाहेर राहण्याचें भारतानें ठरविलें. तो करार जकातसंघाचा नव्हता. तरी त्या वादांत हाच प्रश्न आम्हांस वारंवार आठवला. कोणत्या मालांत निर्मिति होईल आणि कोणत्या मालांत अपवर्तन, हें पाहिल्यावांचून ‘बाजार उघडा’ म्हणणारा आणि ‘बाजार झांका’ म्हणणारा, दोघेहि अंधारांत बोलतात.

शेजारधर्मासाठीं पदरास खार लावून घेण्यांत कमीपणा नाहीं. परंतु खार किती लागली, हें ठाऊक असावें. तो हिशेब मांडावयास या पुस्तकानें शिकविलें, हेंच त्याचें थोर कार्य होय.