लाट किती उंच होती? आधी विचारा, कुठे मोजली!

शिरूर-दौंडकडच्या मुलांना त्सुनामीवर सेमिनार घ्या म्हटलं की लगेच विचारतात, "आपल्याकडे घोड आणि भीमा, समुद्र कुठाय?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्या शाळांच्या सहली अलिबाग-मुरुडला जातातच ना! समुद्र पहिल्यांदाच बघणाऱ्या पोराला सुरक्षिततेच्या सूचनांची गरज उलट जास्त. म्हणून त्या सूचना जरा तपासून बघू.

नेहमीचं पोस्टर सांगतं: जमीन हादरली, पाणी मागे हटलं, की उंचावर पळा. हे चूक नाही, अपुरं आहे. हा नियम भूकंपाचं केंद्र जवळ असलेल्या किनाऱ्याला नेमका बसतो. आपल्या किनाऱ्याचा दाखला वेगळा आहे. 28 नोव्हेंबर 1945 ला मकरान किनाऱ्याजवळ 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी लाटा मुंबईला पोचल्या. इतक्या लांबचा हादरा कोकणात जाणवेलच असं नाही. शिवाय पाणी दरवेळी आधी मागे हटतंच असंही नाही. कधी थेट चढतं. 2004 मध्ये सुमात्राहून तामिळनाडूला लाट यायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. वेळ होता, निरोप नव्हता. हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये इशारा केंद्र सुरू झालं ते 2007 मध्ये. म्हणजे कोकणाच्या पोस्टरवर "अधिकृत इशारा कुठून मिळेल" ही ओळ सगळ्यात वर हवी.

आता आकड्यांकडे या. 1945 ला मुंबईत लाट सुमारे 2 मीटर होती, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मीही एका सेमिनारमध्ये ते जसंच्या तसं ठोकून दिलं होतं. मागून एकाने विचारलं, "कुठे मोजली?" माझी बोलती बंद! नंतर कळलं, हा आकडा त्या वेळच्या वृत्तांतांतून आलेला आहे. भरतीमापकाच्या नोंदींवरच्या अभ्यासांत तो बराच लहान दिसतो. मग खोटं कोण? कदाचित कुणीच नाही. मापक बंदरात असतो, बघणारा उघड्या किनाऱ्यावर. लाटेची उंची वेगळी आणि पाणी जमिनीवर जिथवर चढलं ती उंची वेगळी. दोन्हींना नुसतं "उंची" म्हटलं की घोळ होतो. आणि त्याच आकड्यावर उद्या कुणीतरी सुरक्षित जागेची रेघ मारतो.

प्रस्ताव लिहिताना प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: कुणी नोंदवला, कुठे, कशापासून मोजला. उत्तर सापडलं नाही तर तिथेच तुमचा संशोधन-प्रश्न असू शकतो.

आणि सहलीला जाताना पोरांना एवढं सांगाच: पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही. ती ओसरली म्हणून चपला आणायला खाली उतरायचं नाही.