लोकरचित नकाशा व त्यांतील वाटा

वाङ्मयटीकेंत आजवर काव्य, नाटक, कादंबरी व चरित्र यांचा विचार होत आला. क्वचित् कोशांचा व व्याकरणांचाहि झाला. नकाशाचा मात्र सहसा होत नाहीं. नकाशा म्हणजे मोजणीदाराचें काम, त्यांत वाङ्मयाच्या अभ्यासकानें पाहण्यासारखें काय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या रचनेंत निवड आहे, नामकरण आहे, कांहीं सांगणें व कांहीं गाळणें आहे, ती रचना एक प्रकारचें लेखनच होय; आणि लेखन म्हटलें म्हणजे त्याची परीक्षा झालीच पाहिजे. ज्या नकाशाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों तो तर अक्षरशः अनेकांनीं लिहिलेला ग्रंथ आहे. ओपनस्ट्रीटमॅप हें त्याचें नांव. परीक्षण करतांना दृष्टीसमोर एखादा ठराविक प्रदेश असावा म्हणून आम्हीं हिंगोली जिल्हा घेतला आहे. मोठ्या शहरांचे हमरस्ते कोणीहि लिहील. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत या पांच तालुक्यांतील वाटा हा ग्रंथ कशा सांगतो, यावरच त्याची योग्यता ठरवावयाची.

या नकाशाचा उगम २००४ सालीं इंग्लंडांत झाला. तेथील सरकारी मोजणीखात्याचे नकाशे उत्तम होते; परंतु त्यांतील माहिती मोल देऊन व अटी पाळूनच वापरतां येत असे. स्टीव्ह कोस्ट या तरुणानें मग असा विचार मांडला कीं, ज्यांना रस्ते ठाऊक आहेत त्यांनींच ते लिहावे व सर्वांस मोकळे करून द्यावे. रचना साधी आहे. बिंदु, बिंदूंना जोडणारी रेषा, आणि त्या रेषेस जोडलेलें वर्णन : रस्ता कोणत्या वर्गाचा, त्याचें नांव काय, पृष्ठ डांबरी कीं मातीचें. खातें उघडून कोणासहि नवी रेषा ओढतां येते, जुनी सुधारतां येते. आणि प्रत्येक बदल कोणीं व केव्हां केला याची नोंद कायम राहते. २०१० च्या जानेवारींत हैतीमध्यें भूकंप झाला, तेव्हां पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा पुरेसा नकाशा मोकळा उपलब्ध नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनीं उपग्रहचित्रांवरून तो थोड्याच दिवसांत तयार केला, व मदतीस गेलेल्या पथकांनीं तो वापरला. या प्रसंगानें ग्रंथाचें महत्त्व सिद्ध झालें. आणि, आमच्या मतें, त्याच्या मुख्य दोषाचें बीजहि तेथेंच आहे.

नकाशा रयतेनें लिहावा ही कल्पना आपल्याकडे नवी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ सालीं झाली ती कंपनी सरकारच्या गरजेसाठीं. १८०२ मध्यें महात्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्यें काम चालू असतांनाच आपल्या हिंगणघाटास वारला. त्या मोजणीची शास्त्रीय थोरवी निर्विवाद आहे. परंतु ज्याच्या शेतावरून रेषा गेली, त्यास ती दुरुस्त करण्याचा अधिकार कधींच नव्हता. स्वातंत्र्यानंतरहि नकाशे करण्यावर परवानग्यांचीं बंधनें होतीं. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीं तीं बरींच सैल झालीं.

नकाशाच्या क्षेत्रांत ही कल्पना नवी असली, तरी अनेकांच्या हातून वाढणारा ग्रंथ मराठीस अपरिचित नाहीं. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून पूज्य मानलें जाणारें नरसी याच जिल्ह्यांत आहे. आणि नामदेवांच्या गाथेंत विष्णुदास नामा व इतर नाम्यांचे अभंग मिसळले, हें अभ्यासक जाणतात. कोणता अभंग कोणाचा हें आज अनेक ठिकाणीं निश्चयानें सांगतां येत नाहीं, कारण उतरून घेणाऱ्यांनीं आपण काय घातलें याची नोंद ठेविली नाहीं. ज्ञानेश्वरींत शिरलेले अपपाठ एकनाथांस शके १५०६ मध्यें शोधून काढावे लागले, तेंहि याच कारणानें. लोकरचित नकाशा येथें जुन्या पोथ्यांहून सरस ठरतो, कारण त्यांतील प्रत्येक रेषेचा पूर्वेतिहास उलगडून पाहतां येतो. मात्र एका बाबतींत एक जुनी पोथी त्याला धडा देईल. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चक्रधरस्वामींच्या स्थानांच्या दिशा व खुणा सांगते. श्रद्धाळू मनुष्यानें ती वाचून त्या जागीं पायीं पोंचावें, या बेतानें ती रचलेली आहे. वाटेचें वर्णन चालणाराच्या उपयोगी पडलें पाहिजे, ही ती कसोटी. आणि तीच आम्ही येथें लावणार आहों.

प्रथम आधाराचा प्रश्न. हैतीच्या प्रसंगीं दूर बसून उपग्रहचित्रावरून रेषा ओढणें ही आणीबाणीची सोय होती. पुढें ती नित्याची रीत झाली. आणि आतां तर चित्रांतील रस्ते यंत्रानें ओळखावे व माणसानें केवळ संमति द्यावी, इथपर्यंत मजल गेली आहे. काम झपाट्यानें होतें, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु हिंगोलीसारख्या प्रदेशांत ही रीत काय चुकवील तें पाहा. ढग नसतांना घेतलेलींच चित्रें निवडलीं जातात. म्हणून तीं बहुधा पावसाळ्याबाहेरचीं असतात. काळ्या जमिनींतील जी गाडीवाट चैत्रांत दगडासारखी टणक असते, तीच श्रावणांत गुडघाभर चिखलाची होते. चित्रांत कोरडा दिसणारा ओढा, कयाधूस पूर आला म्हणजे, गांवाचा संबंध तोडून टाकतो. दुरून रेषा ओढणारा दोन शेतांमधला बांध वाट समजतो, कालव्याच्या कडेचा देखरेखीचा रस्ता गांवचा हमरस्ता समजतो, आणि चिंचांच्या सावलींतली खरी वाट त्यास दिसतच नाहीं. शिवाय चित्रच कांहीं मीटर सरकलेलें असूं शकतें. तें जागेवर आणावयाचें तर कोणी तरी त्या वाटेनें यंत्र घेऊन चाललेलें असावें लागतें. नकाशावर रेषा अखंड दिसते, आणि तिच्यावर विसंबून रात्रीं निघालेली रुग्णवाहिका ओढ्याशीं थबकते. कवितेंतील चुकीच्या शब्दानें रसभंग होतो; येथील चुकीच्या शब्दानें बाळंतीण अडते. पाण्यांतून जाणारी वाट, मातीचें पृष्ठ, विशिष्ट ऋतूंत बंद पडणारा रस्ता, हें सर्व लिहिण्याची सोय या नकाशांत आहे. उणीव आहे ती तें पाहून लिहिणाराची.

दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. या नकाशाची परिभाषा इंग्लंडांत घडली व तिच्यावर तेथल्या रस्त्यांचा ठसा आहे. मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, अन्‌क्लासिफाइड अशी ती उतरंड. यांतील शेवटचा शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ गांवांना जोडणारा खालच्या प्रतीचा रस्ता असा आहे, ‘वर्ग ठाऊक नाहीं’ असा नव्हे. परंतु आपल्याकडील नवशिक्यानें तो दुसऱ्या अर्थानें घेणें स्वाभाविक आहे. महाराष्ट्रांत राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग असे वर्ग रूढ आहेत. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरी या मार्गें नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग कोठें बसवावा याविषयीं फारसा वाद होणार नाहीं. अडचण ग्रामीण मार्गाच्याहि खालीं सुरू होते. पांदण, शिवरस्ता, गाडीवाट, पायवाट हे आपले शब्द निरनिराळ्या गोष्टी सांगतात. पांदण दोन्ही बाजूंच्या कुंपणांमधून शेतांकडे जाते. शिवरस्ता दोन गांवांच्या सीमेवरून जातो. इंग्रजी परिभाषेंत पायवाटेखेरीज यांतील बहुतेक सर्व ‘ट्रॅक’ या एकाच शब्दांत कोंबले जातात.

हा केवळ शब्दांचा खल नव्हे. गांवनकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनीं व पायमार्ग एका तुटक रेषेनें दाखविण्याची रीत आहे, आणि त्या तुटक रेषांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत आले आहेत. वहिवाटीची वाट कोणीं अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याप्रमाणें दाद मागतां येते. बांधावरून वाट हवी असेल तर १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमांत १४३ वें कलम आहे. आणि शेत-पाणंद रस्त्यांसाठीं राज्य शासनास २०२१ मध्यें स्वतंत्र योजना काढावी लागली. लोकरचित नकाशांतील रेषा हा हक्काचा पुरावा नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु तेवढ्यानें निष्काळजीपणास परवाना मिळत नाहीं. एखाद्याच्या शेतांतील खासगी वाट सार्वजनिक म्हणून लिहिली, तर परक्या गाड्या त्याच्या पिकांतून जातील. सार्वजनिक वहिवाट गाळली, तर ती अडविणाराचें फावेल.

तिसरा प्रश्न नांवांचा. आणि येथें वाङ्मयाच्या अभ्यासकास अधिकारानें बोलतां येईल. रोमन लिपींत ल व ळ एकच, ध व ढ एकच. कळमनुरीचें रोमन नांव पुन्हा देवनागरींत आणणारें यंत्र ‘कलमनुरी’ लिहील. औंढ्याचें ‘औंधा’ करील, आणि औंध तर सातारा जिल्ह्यांत निराळेंच आहे. दुधाळ्याचें ‘दुधाला’ होईल. मराठी नांव देवनागरींत प्रथम मराठी माणसानें लिहिलें पाहिजे, याहून दुसरा उपाय नाहीं. कांहीं ठिकाणीं खरे पाठभेदहि आहेत. लोक वसमत म्हणतात, रेल्वेचें स्थानक बसमत आहे, आणि जनगणनेच्या इंग्रजी यादींत तेंच नांव ‘बसमथ’ असें वाचावें लागतें. संपादकानें यांतील एक ठेवून बाकीचीं पुसावीं काय? आमच्या मतें नाहीं. या नकाशांत मुख्य नांव, मराठी नांव, पर्यायी नांव, जुनें नांव असे वेगळे रकाने आहेत. जाणता संपादक एक पाठ मूळ संहितेंत घेऊन बाकीचे तळटीपेंत देतो, त्याच विवेकानें ते भरावे.

रस्त्यांच्या नांवांचा प्रकार याहून नाजूक आहे. खेड्यांत रस्त्यावर पाटी नसते. हिंगोलीचा मनुष्य ज्याला नरसीचा रस्ता म्हणतो, तोच नरसींत हिंगोलीचा रस्ता होतो. हें नांव कीं वर्णन, याचा निर्णय दुरून करतां येत नाहीं. आणि रकाना रिकामा दिसतो म्हणून मनानें नांव करून घालणें हा तर प्रक्षेपच होय. दुसऱ्याच्या बंदिस्त नकाशावरून नांवें उतरून घेणेंहि या मंडळींनीं निषिद्ध मानलें आहे. वाङ्मयचौर्याविषयीं जी शिस्त आपल्या लेखकांनीं पाळावी अशी आपली अपेक्षा असते, ती येथें नियमानेंच घातली आहे, ही गोष्ट प्रशंसनीय आहे.

कोणासहि लिहूं दिलें म्हणजे कोणीहि बिघडवील, हा आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो खोटा नाहीं. परंतु त्याचें उत्तर ग्रंथाच्या रचनेंतच आहे. बिघडविलेलें पूर्ववत् करतां येतें, कारण जुना पाठ जपलेला असतो. मात्र त्यासाठीं चूक ओळखणारा वाचक हवा. पुण्या-मुंबईंत असा वाचक पुष्कळ; सेनगांव तालुक्यांतील वाडीची चूक ओळखील तो त्या वाडीचाच माणूस. तो जोंवर या ग्रंथाकडे वळत नाहीं, तोंवर तेथील चूक वर्षानुवर्षें तशीच राहील, आणि पुढें तीच दहा ठिकाणीं उतरविली जाऊन प्रमाण ठरेल. आम्हांस खरें भय या गोष्टीचें वाटतें; खोडसाळ माणसाचें तितकें नाहीं.

आणि वेळ फार नाहीं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा झपाट्यानें बदलत आहे. औंढ्याजवळ दुधाळा परिसरांत ज्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें संमति दिली, तिच्या दोन भुजाच प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या व्हावयाच्या आहेत. एवढ्या बांधकामाभोवतीं वाटा बदलणें अटळ आहे. नवे रस्ते उपग्रह टिपील. जुन्या वाटा कोठून जात होत्या व लोक त्यांस काय म्हणत, हें मात्र चालणारांनींच सांगितलें पाहिजे.

तेव्हां आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. लोकरचित नकाशा ही कृति योजनेनें उदार व रचनेनें शुद्ध आहे. तिचा दोष इतकाच कीं, पाहणारे पुष्कळ व चालणारे थोडे. तो दोष दूर करणें जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या आवाक्यांत आहे. विद्यार्थी दर आठवड्यास गांवीं जातात. प्रत्येकानें आपल्या शिवारांतील चारच वाटा घ्याव्या. वडीलधाऱ्यांस त्यांचीं नांवें विचारावीं. जें कळलें नाहीं तो रकाना खुशाल रिकामा ठेवावा. वैशाखांत एकदां व भाद्रपदांत एकदां तीच वाट चालून पाहावी, आणि मग लिहावी.