अंड्याचे टोक आणि संगणकाचा बाइट : डॅनी कोहेन यांच्या निबंधाचे समीक्षण

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाची आवड असलेल्या मंडळींचे वाद तुम्ही ऐकले असतीलच. कोणता एडिटर चांगला, मजकुरात टॅब द्यावा की स्पेस, ‘गिफ’ म्हणावे की ‘जिफ’, असे प्रश्न तासन् तास चालतात. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ काथ्याकूट वाटतो. आतल्या माणसाला मात्र त्यात काहीतरी महत्त्वाचे पणाला लागले आहे असे वाटत असते. दोघांपैकी कोणाचे खरे?

या वादांमध्ये तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात : काटेकोरपणा, विनोद आणि मत. त्या वेगळ्या करून पाहता आल्या, तर वरच्या प्रश्नाचे उत्तर सापडू शकते. त्यासाठी या घटकात आपण एकच निबंध बारकाईने वाचणार आहोत. तो म्हणजे डॅनी कोहेन यांचा ‘ऑन होली वॉर्स अँड अ प्ली फॉर पीस’. ‘धर्मयुद्धे आणि शांततेची विनवणी’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. इंटरनेटची जडणघडण करणाऱ्या अभियंत्यांमध्ये ‘इंटरनेट एक्सपेरिमेंट नोट’ नावाची टिपणे फिरत असत. त्यांतले १३७ क्रमांकाचे हे टिपण. त्यावरची तारीख आहे १ एप्रिल १९८०. ही तारीख लक्षात ठेवा. पुढे ऑक्टोबर १९८१ मध्ये तो ‘कॉम्प्युटर’ या व्यावसायिक नियतकालिकातही छापला गेला.

२. मूळ प्रश्न

निबंधाची गंमत कळण्यासाठी आधी वाद कळला पाहिजे. संगणक मोठी संख्या एका घासात साठवत नाही, तिचे बाइट पाडून साठवतो. समजा एखादी संख्या चार बाइटांत ठेवायची आहे. मग सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवायचा की सर्वांत लहान किमतीचा? दोन्ही पद्धतींनी काम भागते. आयबीएमच्या ३६० मालिकेतील संगणक मोठा बाइट आधी ठेवत. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपने लहान बाइट आधी ठेवला.

दोन्ही बाजूंकडे कारणे आहेत. मोठा बाइट आधी असला, तर संख्या आपण कागदावर लिहितो तशीच दिसते. दोन संख्यांत मोठी कोणती, हेही पहिल्या बाइटापासून ठरवता येते. लहान बाइट आधी असला, तर बेरीज सोयीची होते, कारण हातचा नेहमी एककाकडून दशकाकडे जातो. म्हणजे दोन्ही पक्ष हट्टी असले, तरी मूर्ख नाहीत.

एक संगणक एकटाच असतो, तोवर हा प्रश्न त्याचा खासगी असतो. दोन संगणक एकमेकांशी बोलू लागले, की तो सार्वजनिक होतो. चार बाइटांतली १ ही संख्या एका पद्धतीने लिहून दुसऱ्या पद्धतीने वाचली, तर ती १,६७,७७,२१६ होते. एका रुपयाचे दीड कोटींहून अधिक रुपये झाले! अशा बिघाडाला जुन्या अभियंत्यांनी ‘नक्सी’ असे गमतीदार नाव दिले होते. युनिक्स या शब्दाची इंग्रजी अक्षरे यू, एन, आय, एक्स. जोडीजोडीने बाइट उलटले, की वाचायला मिळते एन, यू, एक्स, आय. या छोट्या थट्टेत संपूर्ण तांत्रिक निदान सामावलेले आहे.

३. विनोदाचे काम

कोहेन यांनी या दोन पक्षांना नावे दिली ती जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या १७२६ सालच्या उपरोधिक कादंबरीतून. तिथे लिलिपुट राज्यात उकडलेले अंडे लहान टोकाकडूनच फोडावे असा राजाचा हुकूम असतो. मोठ्या टोकाचे अभिमानी बंड करतात, काही मारले जातात, काही शेजारच्या ब्लेफस्कू राज्यात पळतात. स्विफ्टचा रोख युरोपातील धर्मपंथांच्या भांडणांवर होता. कोहेन यांनी हीच नावे संगणकांच्या दोन पंथांना लावली : ‘बिग-एंडियन’ आणि ‘लिटल-एंडियन’.

आता समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. विनोद अनेकदा विषय टाळण्यासाठी वापरला जातो : ‘सोडा हो, काय लहान मुलांसारखे भांडता!’ कोहेन तसे करत नाहीत. निबंधाचा मोठा भाग रुक्ष वाटावा इतका काटेकोर आहे. बिट, बाइट आणि शब्द या प्रत्येक पातळीवर क्रम कसा लागतो हे ते तपासतात. प्रत्येक पंथाच्या यंत्रांना ते एकच प्रश्न विचारतात : तुम्ही स्वतःच्या नियमाशी तरी प्रामाणिक आहात का? पीडीपी-११ हा लहान टोकाचा नावाजलेला संगणक, पण त्याच्या अपूर्णांकी संख्यांच्या रचनेत तो स्वतःचाच नियम मोडतो, हे ते दाखवून देतात.

म्हणजे इथे थट्टा आहे ती पंथाभिमानाची, काटेकोरपणाची नव्हे. हा फरक नीट पाहा. वाद घालणाऱ्याच्या ताठ्यावर हसायचे आणि वादाच्या विषयाला मात्र पूर्ण न्याय द्यायचा, हे या निबंधाचे बलस्थान आहे. एक एप्रिल ही तारीखही तेच सांगते. लेखक वाचकाला म्हणतो, की मला हसा, पण माझी आकृती बरोबर आहे का ते तपासून हसा.

४. स्विफ्टचा बोध उलटा होतो

निबंधाचा कळस शेवटी येतो. स्विफ्टचा बोध असा, की फरक क्षुल्लक आहे, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या सोयीच्या टोकाकडून अंडे फोडावे. कोहेन हा बोध स्पष्ट शब्दांत मांडतात आणि तिथेच त्यापासून फारकत घेतात. त्यांचे म्हणणे असे, की फरक क्षुल्लक आहे हे मान्य, पण म्हणूनच सर्वांनी एकाच पद्धतीने वागले पाहिजे. कोणता क्रम निवडला यापेक्षा सर्वांचे एकमत होणे अधिक महत्त्वाचे. हवे तर नाणे उडवा, पण निर्णय घ्या.

एकाच गृहीतकातून दोन लेखक दोन विरुद्ध निष्कर्षांवर पोहोचतात. याचे कारण विषयाच्या स्वरूपात आहे. अंडे ज्याचे तो खातो. संदेश मात्र एक जण पाठवतो आणि दुसरा वाचतो. स्विफ्टसमोर श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता, कोहेन यांच्यासमोर संवादाच्या शक्यतेचा. उसनी घेतलेली उपमा कुठे तुटते, हे लेखकाने स्वतःच दाखवावे, अशी उदाहरणे तांत्रिक लेखनात दुर्मिळ आहेत.

५. पुढे काय झाले?

विनवणी मान्य झाली का? अर्धीच. सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचा दस्तऐवज, आरएफसी ७९१, प्रसिद्ध झाला. जाळ्यावरून जाणाऱ्या संख्यांत मोठा बाइट आधी, असे त्याने ठरवले. पण घरोघरी पोहोचले ते इंटेलच्या वंशातले संगणक, आणि त्यांचा क्रम उलटा. आजचे बहुतेक लॅपटॉप आणि मोबाइल आतून लहान टोकाचे आहेत, तर जाळे मोठ्या टोकाचे. त्यामुळे पॅकेटच्या शीर्षातील संख्या वाचताना आणि लिहिताना त्यांना बाइटांची उलटापालट करावी लागते. युद्ध थांबले, पण एकमताने नव्हे. प्रत्येक दारात एक दुभाषी बसवून.

तुमच्या मातृभाषेचाही या वादाशी संबंध आहे. युनिकोडमध्ये देवनागरी ‘अ’चा क्रमांक सोळा-आधारी पद्धतीत ०९०५ आहे. यूटीएफ-१६ या पद्धतीत त्याचे ०९ आणि ०५ असे दोन बाइट होतात. ते उलट वाचले, तर ०५०९ होतात, आणि ‘अ’च्या जागी कोमी भाषेसाठी असलेले एक सिरिलिक अक्षर उमटते. त्यासाठी फाइलच्या आरंभी क्रम सांगणारी खूण ठेवण्याची सोय करावी लागली. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी घडवलेल्या यूटीएफ-८ने मात्र वेगळी वाट काढली. तिचे एककच एका बाइटाचे असल्यामुळे आधी कोण हा प्रश्न उरत नाही. स्विफ्टचा ‘ज्याचे त्याने’ आणि कोहेन यांचा ‘सर्वांनी एक’ यांच्यापलीकडचा हा तिसरा पर्याय : भांडणाचे कारणच उरणार नाही अशी रचना करणे.

६. निबंधाच्या मर्यादा

पहिली मर्यादा अशी, की फरक क्षुल्लक असला, तरी बदलाची किंमत क्षुल्लक नसते. ज्यांची हजारो यंत्रे आधीच एका पद्धतीने चालत आहेत, त्यांना नाणेफेक परवडत नाही. मताच्या मागे गुंतवणूक उभी असते. कोहेन यांचा विनोद दोन्ही पक्षांना एकाच मापाने मोजतो आणि हा हिशेब मागे पडतो.

दुसरी मर्यादा निबंधाच्या यशातून आली. चिडवण्यासाठी दिलेली नावे शास्त्रीय संज्ञा बनली. ऑक्टोबर १९९४ मधील आरएफसी १७०० ‘बिग-एंडियन’ हा शब्द गंभीरपणे वापरते आणि कोहेन यांचा संदर्भ देते. कोहेन यांनी स्विफ्टची गोष्ट न वाचलेल्यांसाठी निबंधाला टीप जोडली होती. पाठ्यपुस्तकांनी बहुधा शब्द ठेवला आणि टीप गाळली. त्यामुळे आज अनेक विद्यार्थी ‘एंडियन’ हा शब्द पाठ करतात, पण तो कोणाची टर उडवण्यासाठी जन्मला हे त्यांना कोणी सांगत नाही. विनोद जिंकला, पण हसू हरवले.

७. आपल्याजवळचे एक उदाहरण

क्रमाचा असाच वाद जून २०१९ मध्ये महाराष्ट्रात झाला. आपण २१ लिहिताना दशक आधी लिहितो, पण ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचनही दिले गेले, आणि एकच गदारोळ उडाला. आडनावातल्या ‘वीस’वरून विधानसभेतही कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीचे कारण दिले. कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत दशक आधीच उच्चारतात. इथेही काटेकोरपणा, विनोद आणि मत तिन्ही होते. पण बऱ्याच कोट्या मूळ प्रश्नाला, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाला काय सोपे जाते याला, स्पर्शही करत नव्हत्या. कोहेन यांच्या विनोदाशी तुलना केली, की फरक लगेच दिसतो.

८. समारोप

न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणे म्हणजे वितंडा. तंत्रप्रेमींची बरीच भांडणे वादाचा वेष घेतलेले जल्प असतात. ओळखायचे कसे? परिणामाची कसोटी लावा. हा फरक दुर्लक्षिला, तर काय मोडेल, आणि कोणाचे? उत्तर देता आले, तर तो काटेकोरपणा आहे. त्याला कीस म्हणून हिणवू नका. देता आले नाही, तर तो पंथाभिमान आहे, आणि त्यावर हसायला हरकत नाही.

प्रश्न विचारणाऱ्या नवख्याला तुच्छतेने दुरुस्त करणारा आणि त्याच दुरुस्तीतून त्याला आत घेणारा, या दोघांकडे ज्ञान तितकेच असू शकते. कोहेन दुसऱ्या प्रकारचे आहेत. हा निबंध वाचण्याचे मुख्य कारणही तेच.

९. स्वाध्याय

१. स्विफ्ट आणि कोहेन यांचे गृहीतक एकच असूनही निष्कर्ष वेगळे का, ते स्पष्ट करा.

२. तुमच्या भाषेत २७ ही संख्या कोणत्या क्रमाने उच्चारतात? ती लिहिण्याच्या क्रमाशी जुळते का?

३. तुम्ही पाहिलेला एखादा तांत्रिक वाद घेऊन तो वाद, जल्प की वितंडा, हे परिणामाची कसोटी लावून ठरवा.