सही करणारा मित्र

जीबीएसवरच्या मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, यावर वाचण्यासारखं काही आहे का? आहे. ‘नो लाफिंग मॅटर’, १९८६. लेखक दोन: ‘कॅच-२२’वाला जोसेफ हेलर आणि त्याचा मित्र स्पीड व्होगेल.

डिसेंबर १९८१मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेलरला गियाँ-बारे सिंड्रोम झाला. यात प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, बहुतेकदा त्यांच्यावरच्या मायलिनच्या आवरणावर. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. हात उचलत नाही, घास गिळवत नाही, डोकं मात्र लख्ख जागं.

पुस्तकाची खरी ताकद त्याच्या रचनेत आहे. प्रकरणं आलटून पालटून दोघांची. हेलर अंथरुणाला खिळलेला. व्होगेल त्याच्या घरात राहतो, त्याचे कपडे घालतो, त्याच्या चेकवर त्याची सही ठोकतो. आजारपण म्हणजे भरायची बिलंसुद्धा, हे इतक्या मोकळेपणानं सांगणारं पुस्तक मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

पण एक गोष्ट खटकली. मेल ब्रुक्स, मारिओ पुझो, डस्टिन हॉफमन अशा नामवंत मित्रांची ये-जा चालू असते, विनोदही चालू असतात. व्हॅलरी हम्फ्रीज या नर्सला मात्र स्वतःचं प्रकरण नाही. पुढे १९८७मध्ये हेलरनं तिच्याशी लग्न केलं, पण पुस्तकात ती दिसते ती या दोन पुरुषांच्या नजरेतूनच.

हे मला टोचलं, त्याला कारण आहे. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसची साथ आली. संशय दूषित पाण्यावर आणि कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूवर. या जिवाणूच्या आवरणावरची शर्करा आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखी दिसते, आणि प्रतिकारशक्तीची गफलत होते. तेव्हा माझे काका आयसीयूत होते. मी लीड्समधून व्हिडिओ कॉल करायचो, इम्युनोग्लोब्युलिनसाठी पैसे पाठवायचो. म्हणजे सही माझी. घरी आणल्यावर त्यांची कूस रात्रंदिवस बदलली ती काकूनं. तरी ही गोष्ट सगळ्यांना सांगतो मी, अगदी पॉडकास्टवरसुद्धा.

पुस्तक जरूर वाचा. मी वाचून संपवलं आणि पुण्याला फोन लावला. काकूनं सवयीनं फोन काकांकडे द्यायला घेतला. म्हटलं, थांब, तुझ्याशीच बोलायचंय. ती जरा गप्प राहिली. मग पाऊण तास बोलत होती.