पृष्ठभागांची गणिती व संगणकीय प्रतिमाने : एक चिकित्सा

पृष्ठभाग ही संकल्पना वरवर पाहता सोपी वाटते. पदार्थ जेथे संपतो आणि भोवतालचा अवकाश जेथे सुरू होतो ती सीमा म्हणजे पृष्ठभाग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भूगोल, वैद्यक, जीवरसायन अशा परस्परांपासून दूर असलेल्या ज्ञानशाखा आज या सीमेचे वर्णन एकाच गणिती भाषेत करतात. या एकरूपतेचे कौतुक योग्यच आहे. मात्र प्रतिमानातील पृष्ठभाग निसर्गात तयार सापडतो, की अभ्यासकाला तो ठरवावा लागतो, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडतो.

या भाषेचा पाया कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी १८२७ साली घातला. पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूपाशी दोन मुख्य वक्रता असतात. पृष्ठ न ताणता कितीही वाकविले तरी त्यांचा गुणाकार बदलत नाही, हा गाउस यांचा सिद्धान्त होय. कागदाची सुरळी करता येते, परंतु संत्र्याची साल न फाटता सपाट होत नाही. पृथ्वीचा सर्वस्वी बिनचूक सपाट नकाशा का अशक्य आहे, याचे उत्तरही यातच आहे. वक्रतेचा हाच विचार पुढे जीवशास्त्रात उपयोगी पडला. तांबड्या रक्तपेशीचा दोन्ही बाजूंनी खोलगट आकार पेशीपटलाच्या वाकण्याची ऊर्जा किमान ठेवण्यातून उद्भवतो, अशी मांडणी कॅनहॅम यांनी १९७० मध्ये केली, आणि हेल्फ्रिश यांनी १९७३ मध्ये पटलाच्या वक्रतेशी निगडित ऊर्जेचा सर्वसाधारण सिद्धान्त मांडला. गणिताचे सामर्थ्य येथे निर्विवाद आहे.

संगणकाला मात्र अखंड पृष्ठ हाताळता येत नाही. तो बहुधा त्रिकोणांच्या जाळ्याने पृष्ठाची जागा भरून काढतो. जाळे जितके बारीक तितके वास्तवाच्या जवळ, असा यामागील सर्वसामान्य विश्वास असतो. हा विश्वास सरसकट खरा नाही, हे संगणकाच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच, हेरमान श्वार्त्स यांनी दाखवून दिले होते. त्यांनी दंडगोलाच्या वक्र पृष्ठावर शिरोबिंदू ठेवून त्रिकोणांचे जाळे रचले. प्रत्येक शिरोबिंदू दंडगोलावरच आहे आणि त्रिकोण उत्तरोत्तर लहान होत आहेत; तरीही आडव्या पट्ट्यांची संख्या पुरेशा वेगाने वाढविली, तर त्रिकोण चुण्यांप्रमाणे दुमडतात आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ अमर्याद वाढते. स्थानाने जवळ असलेले प्रतिमान क्षेत्रफळानेही जवळ असेलच असे नाही, हा यातील धडा आहे.

तथापि हा दोष गणिताच्या कक्षेतला आहे. त्रिकोणांचा आकार योग्य राखला की तो दूर होतो. याहून गंभीर अडचण व्याख्येची आहे, आणि ती जाळे बारीक केल्याने सुटत नाही. तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

वैद्यकीय प्रतिमांमधून हाडाचे किंवा अवयवाचे पृष्ठ काढण्यासाठी लोरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये एक प्रसिद्ध पद्धती मांडली. स्कॅनमधील घनतेचे एक मूल्य निवडायचे आणि त्या मूल्याच्या बिंदूंतून जाणारे पृष्ठ रचायचे, असे तिचे स्वरूप आहे. मूळ पद्धतीत काही ठिकाणी पृष्ठाला छिद्रे पडत. हा दोष पुढील संशोधकांनी दूर केला. परंतु निवडलेले मूल्य बदलले की हाड जाड वा बारीक दिसते, ही गोष्ट दोष नसून पद्धतीचा स्वभावच आहे.

दुसरे उदाहरण प्रथिनांच्या रेणूचे. ली आणि रिचर्ड्स यांनी १९७१ मध्ये प्रथिनाचे पृष्ठ ठरविण्यासाठी त्यावरून एक काल्पनिक गोल फिरविला. पाण्याच्या रेणूसाठी या गोलाची त्रिज्या साधारणतः १.४ अँगस्ट्रॉम धरतात. लहान गोल अरुंद खाचांत शिरतो, मोठ्या गोलाला त्या खाचा लागतच नाहीत. म्हणून प्रथिनाचे क्षेत्रफळ केवळ प्रथिनाचे नसते. त्याला स्पर्श करणाऱ्या गोलाचेही असते.

तिसरे उदाहरण भूपृष्ठाचे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. मात्र दाट झाडी व इमारती असलेल्या भागांत रडारने जमिनीची नव्हे, तर बऱ्याच अंशी शेंड्यांची आणि छपरांची उंची नोंदविली. कल्प आणि स्ट्राउस यांनी २०१९ मध्ये या नोंदींत सुधारणा करून पाहिली, तेव्हा समुद्रपातळी वाढल्यामुळे संकटात येणाऱ्या जागतिक लोकसंख्येचा अंदाज सुमारे तिप्पट झाला. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या किनारी शहराच्या दृष्टीने हा केवळ तांत्रिक तपशील नाही. भरतीचे पाणी छपराच्या उंचीवर थांबत नाही, ते जमिनीवरून घरात येते. विशेष म्हणजे याच मोहिमेची अधिक बारीक, ३० मीटर अंतराची माहिती २०१४ पासून जगभरासाठी खुली होऊ लागली. तरी छप्पर ते छप्परच राहिले.

तिन्ही ठिकाणी गणित चुकलेले नाही. घनतेचे मूल्य, गोलाची त्रिज्या आणि 'जमीन' या शब्दाचा अर्थ हे निर्णय गणिताच्या बाहेर, त्या त्या शाखेत घेतले जातात. यावरून पृष्ठभाग हा मनमानी आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. पाण्याचा रेणू निवडला की पुढचे क्षेत्रफळ कोणाच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. निवड माणसाची असली तरी तिचे परिणाम वस्तुनिष्ठ असतात.

म्हणूनच पृष्ठभागाच्या प्रतिमानाचे मूल्यमापन केवळ त्याच्या सुबकतेवर वा जाळ्याच्या सूक्ष्मतेवर करणे अपुरे आहे. कोणत्या प्रश्नासाठी कोणती सीमा निवडली आणि ती थोडी सरकविल्यास निष्कर्ष किती बदलतो, या दोन गोष्टी प्रतिमानासोबत नोंदविल्या गेल्या पाहिजेत. एका शाखेचे प्रतिमान दुसऱ्या शाखेत नेताना तर ही नोंद अनिवार्यच ठरते. सूत्र सहज स्थलांतर करते. त्यामागचा निर्णय मात्र सोबत येईलच, याची शाश्वती नसते.